दोन बादल्या पांढरं पाणी

७ जुलै १९८९, शुक्रवार

ही डायरी मागच्या वर्षीची. विम्याच्या एजंटने ह्यांना दिली होती, ती कोरीच राहिली. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून मी हाताने लिहिते. सोनल म्हणाली, "आई, शिळ्या डायरीत ताजे दिवस लिहितेस."

लिहायला घेतलं, कारण दिवसभर माणसांत असूनही बोलायला कुणी नसतं. हे अच्छाडच्या चेकनाक्यावर कारकून. पाळीची वेळ कशीही असते, म्हणून आठवड्यातले चार-पाच दिवस तलासरीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे राहतात. डहाणूच्या घरात मी आणि अकरा वर्षांची सोनल. आणि मागच्या पडवीत फुगे.

पडवीतल्या कारखान्याला तीन वर्षं झाली. सहा बायका येतात. लाकडी साच्यांची फळी रंगीत रबराच्या दुधात बुडवायची, वाळवायची, फुग्याचं तोंड बोटाने वळायचं, भट्टीत शेकायचं, मग शंखजिऱ्याची पूड मारून एकेक फुगा साच्यावरून ओढून काढायचा. एका वेळी जेवढे निघतात त्याला आम्ही घाणा म्हणतो, भज्यांचा असतो तसा.

प्रत्येक घाण्यातला पहिला फुगा सोनल फुगवते. पहिल्या वर्षी तिने सहज एक तोंडाला लावला आणि त्याच आठवड्यात वापीच्या नवीनभाईंची मोठी ऑर्डर आली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. बायजी आमच्यात सगळ्यात जुनी. ती तर सोनल शाळेतून येईपर्यंत घाणा टोपलीत भरू देत नाही. "पोरीच्या फुंकरीत बरकत हाय," म्हणते.

आज लाल फुगे होते. फुगवल्यावर सोनलचे ओठही लाल, सुजल्यासारखे. शाळेबाहेरच्या त्या रंगीत गोळ्या पुन्हा खाल्ल्या असणार. ओरडले तिला. "नाही खाल्ल्या" म्हणाली. खोटं बोलायला कधी शिकली?

१९ जुलै, बुधवार

नवीनभाईंकडून माल परत आला. ते स्वतःच टेम्पोतून आले. पिशवी माझ्यासमोर उघडून म्हणाले, "इंदुबेन, आ जुओ. बधा चोंटी गया." खरंच, फुग्याला फुगा चिकटलेला. सोडवायला गेलं की फाटत होता. हवेतला दमटपणा. मला कळायला हवं होतं.

बायका मान खाली घालून उभ्या राहिल्या. बायजी म्हणाली, "तो घाणा सोनलबायविना काढलेला."

खरं होतं. त्या दिवशी सोनल शाळेच्या वनमहोत्सवाला गेली होती. संध्याकाळी मी तिला हसत हसत म्हटलं, "बघ, तू नव्हतीस म्हणून माल परत आला."

ती म्हणाली, "खरंच, आई?"

"मग काय."

लाडकीने आणि मी बसून उपाय काढला. लाडकी सायवनची, घरची भातशेती. पावसाचा आणि दमटपणाचा अंदाज तिला माझ्याहून जास्त. आठवडाभर ती इथे बहिणीकडे राहते. पूड दुप्पट मारून बघितली. फुगे सुटे सुटे निघाले, हाताला मऊ लागले. आता रोज दुप्पट. पडवी पांढरी होते, पांढऱ्या भुवया घेऊन बायका संध्याकाळी म्हाताऱ्या होऊन घरी जातात. चालायचंच. माल परत यायला नको.

२ ऑगस्ट, बुधवार

सोनल चार दिवस सारखी शिंकते, डोळे चोळते. डॉक्टर म्हणाले, पावसाळी सर्दी. हळद-दूध देते आहे. ती पडवीत येऊन अभ्यास करते, मला तेवढाच सहवास. आज गणित करता करता वही बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसली होती. "काय गं?" तर म्हणे, "काही नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं." गणिताचा कंटाळा असेल.

९ ऑगस्ट, बुधवार

शाळेतल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, वर्गात तर ती अजिबात खोकत नाही. म्हणजे फक्त घरी. म्हणजे माझ्यासमोर. मला ती काही सांगू पाहते आहे का?

१७ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीआधीचा माल निघायचा होता, म्हणून आज चार घाणे पाठोपाठ. चारही पहिले फुगे सोनलने फुगवले. चौथ्याला तिला दम पुरेना. मी म्हटलं, "एवढ्यात दमलीस?" आम्ही पूड मारत होतो. मग सायकलच्या ट्यूबमधून हवा गळावी तसा आवाज कानावर आला. मला वाटलं, कुठला तरी फुगाच. वळून बघते तर सोनल. खांदे वर गेलेले, ओठ निळसर, तोंड उघडं आणि आत काही जात नाही.

लाडकीने तिला खांद्यावर टाकलं आणि धावली. मी रिक्षेत मागून चढले. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने श्वास सुटला. डॉक्टर म्हणाले, "दमा आहे. घराण्यात कुणाला?" ह्यांच्या आजीला होता, ते आठवलं. "मग तसंच," म्हणाले.

बायजी मीठ-मोहऱ्या घेऊन बसली होती. दृष्ट काढली. मी विरोध केला नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

हे आले. सोनलच्या उशाशी बसून राहिले. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "तू कारखाना बघतेस की पोरगी?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही कुणाला जमलंय?"

रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते खरंच विचारत होते.

९ सप्टेंबर, शनिवार

गणपतीत पाच दिवस पडवी बंद होती. सगळी धुऊन पुसून त्यात मखर केलं होतं. सोनल टाळ वाजवत होती, एकदाही धाप लागली नाही. देवाची कृपा. काल बायका कामावर आल्या, आज पुन्हा खोकला.

सणाचं जागरण बाधलं असेल.

१४ सप्टेंबर, गुरुवार

वन्सं आल्या. अहिल्यावन्सं तलासरीच्या शाळेत शिकवतात, लग्न केलं नाही, घरात सुईसुद्धा जागेवर असते. माझ्या पडवीत त्यांनी पदर नाकाला लावला तो जाईपर्यंत काढला नाही.

"इंदू, सहामाहीपर्यंत मी हिला नेते. मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. बाप तिथेच आहे. तुला तुझं काम करता येईल."

"माझं काम" हे शब्द त्यांनी चिमट्यात धरल्यासारखे उच्चारले. मी हो म्हटलं. काल पुन्हा इंजेक्शन झालं होतं.

सोनल जाताना बायजीला बजावत होती, "मी नसले की पहिला फुगा नीट बघून फुगवा." बायजीने डोळ्याला पदर लावला.

त्या गेल्यावर लाडकी साचे पुसता पुसता म्हणाली, "बाय, आमचे सासरे आहेत ना, भात झोडायच्या दिवसांत त्यांना असंच होतं. कुसळ उडतं, धूळ उडते. तवा आम्ही त्यांना माळावर धाडतो, गुरांसंगं. झोडणी सरली का घरी आणतो."

मी म्हटलं, "अगं, कुसळ कुठे आणि हे कुठे. ही पूड तर तान्ह्या बाळाच्या अंगाला लावतात."

"ते बी खरं," म्हणाली ती.

२४ सप्टेंबर, रविवार

दहा दिवसांनी सोनलला बघितलं.

सकाळी एक घाणा उरकूनच निघाले. चारोटीला बस बदलताना नाक्यावर तिच्यासाठी गरम वडे घेतले. वन्संच्या अंगणात ती दोरीवरच्या उड्या मारत होती. मी फाटकात उभी राहून मोजल्या. बेचाळीस. बेचाळीस उड्या, आणि धाप नाही. इतका आनंद झाला की हाक मारायचंच विसरले.

तिने मला पाहिलं, धावत आली आणि माझ्या पोटात तोंड खुपसलं. "आई, तुझा वास," म्हणाली. रबराचा, अमोनियाचा, पुडीचा वास. बसमधली माणसं त्या वासाने सरकून बसतात. ती मात्र तो हुंगत राहिली.

वडे खाऊन होईपर्यंत तिला खोकला सुरू झाला. तासाभरात छातीत ती शिट्टी वाजायला लागली.

वन्संनी गरम पाणी दिलं, गोळी दिली, आणि मग बाहेर ओसरीवर मला म्हणाल्या, "दहा दिवस काही नव्हतं हो तिला." एवढंच.

निघताना सोनल रडायला लागली. मी पिशवीतली दुसरी साडी नेसले आणि अंगातली तिच्याजवळ ठेवली. "ही उशाला घेऊन झोप, म्हणजे मी आहे असं वाटेल." माझ्या आईने मला आजोळी ठेवलं होतं तेव्हा असंच केलं होतं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

वन्संचं पत्र. चार ओळी. "तू गेल्यापासून सोनलला तीन दिवस झोपेत खोकला होता. तुझी ती साडी ती तोंडावर घेऊन झोपायची. मी बुधवारी साडी धुऊन टाकली. दोन बादल्या पांढरं पाणी निघालं. आता ती बरी आहे."

मी पत्र दोनदा वाचलं. दोन बादल्या पांढरं पाणी! मी काय एवढी घाणेरडी? पोरीला आईचा वास हवा होता आणि त्यांनी तो धुऊन काढला. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, अजून त्यांना माझा स्पर्श घरात चालत नाही.

पण "आता ती बरी आहे". ते वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं.

८ ऑक्टोबर, रविवार

तलासरीला गेले नाही. चारोटीपर्यंत गेले आणि परत आले.

बसमधून उतरून मी नाक्यावर बसून राहिले. अहमदाबादकडे जाणारे ट्रक बघत होते आणि मनाशी मांडणी करत होते. शाळेत ती बरी असते. गणपतीत मी कामाला हात लावला नाही, तिच्या वाट्याला पूर्ण आले, तेव्हा ती बरी होती. वन्संकडे बरी होती. मी गेले, आजारी पडली. म्हणजे आजार दम्याचा नाही. आजार मी आहे. माझी धावपळ, माझा चिडका आवाज, ह्यांच्याशी उडणारे खटके, हे सगळं पोर आत ओढून घेते आणि मग तिला हवा घ्यायला जागा राहत नाही.

चहावाल्याने विचारलं, "ताई, कुठं जायचंय?" मी म्हटलं, "डहाणू." तो म्हणाला, "तिकडनंच आलात ना?"

ह्यांना निरोप धाडला की काम निघालं. त्यांनी काय ते ओळखलं असेल.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

फुगे चांगले निघताहेत. नवीनभाई म्हणाले, दिवाळीनंतर नाताळच्या मालाचं बोलू. बायका खूश आहेत. बायजीने दोनदा विचारलं, "पोर कवा येणार?" मी फळीवरून मान वर केली नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार, भाऊबीज

लिहायला आज आनंद होतो आहे, आणि त्याची भीतीही वाटते आहे.

शनिवारी पडवी बंद करून थेट तलासरीला गेले. संध्याकाळी सोनल दोन-तीनदा खोकली. मी लगेच लांब जाऊन बसले. वन्संनी ते बघितलं.

रविवारी पहाटे अभ्यंगस्नान. वन्संनी स्वतः माझ्या डोक्याला तेल लावलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "केस किती राठ झालेत गं तुझे, पांढरे आहेत की पूड आहे तेच कळत नाही." शिकेकाईने न्हाऊन, उटणं लावून, नवी साडी नेसले. आणि मग तीन दिवस सोनल माझ्या मांडीवर, माझ्या कुशीत, माझ्या पाठीला. एकदाही नाही. खोकला नाही, शिट्टी नाही.

आज हे ओवाळून घेताना हसत होते. मी पण. काय वेगळं केलं होतं मी? विचार केला, तेव्हा लक्षात आलं: तीन दिवस मी कारखान्याचं नावसुद्धा काढलं नाही. काळजी केली नाही. आनंदी होते.

सापडलं. पोरीसमोर आनंदी राहायचं. बस.

१९ नोव्हेंबर, रविवार

सोनलचा बारावा वाढदिवस.

ही पानं मी तलासरीच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहिते आहे. ती आत आहे. नाकाला नळी आहे. श्वास चालू आहे. आता चालू आहे.

मी आनंदी होऊन आले होते. बारा फुगे आणले होते, काल काढलेल्या घाण्यातले, निवडून, एकेक रंगाचा. दारातूनच म्हटलं, "चला, पहिला फुगा कोण फुगवणार?"

सोनल म्हणाली, "आई, आज तू फुगव ना."

"वा! तुझ्याशिवाय कसं चालेल? नवीनभाईंची नाताळची ऑर्डर पक्की व्हायची आहे अजून."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला तो फुगा नको होता, हे मला आत्ता कळतं आहे. मग तिने पिवळा फुगा घेतला आणि डोळे मिटून फुंकला. पूर्ण फुगवला, गाठ मारली, माझ्या हातात दिला. वन्सं औक्षणाचं तबक घेऊन आल्या तेव्हा तिचे ओठ टरारून सुजले होते, मानेवर लाल चट्टे उठले होते आणि ती जमिनीवर बसत चालली होती.

ह्यांनी तिला उचललं. माझ्या हातात फुगा तसाच होता.

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सोनलने डोळे उघडले. आवाज घोगरा. पहिलं काय म्हणाली, तर, "आई, ऑर्डर आली?"

मी म्हटलं, "गप्प राहा, बोलू नकोस."

"फुगा फुगवला की माझे ओठ चरचरतात. आधीपासून. पण मी नाही फुगवला तर माल परत येतो ना."

नंतर डॉक्टर आल्या. दीप्ती नाव, मुलगीच आहे, माझ्या पडवीतल्या बायकांपेक्षा लहान. त्यांनी विचारलं, "हा त्रास कधी कधी होतो? तारखा, काय खाल्लं, कुठे होती, आठवतं का?"

मी पिशवीतून डायरी काढली आणि वाचायला लागले. ७ जुलै, ओठ लाल. २ ऑगस्ट, पडवीत बसून अभ्यास, छातीवर कुणी बसल्यासारखं. १७ ऑगस्ट, चार घाणे, चार फुगे. ९ सप्टेंबर, पडवी धुतलेली, मखर, बरी. काल बायका कामावर आल्या, आज पुन्हा खोकला. २४ सप्टेंबर, एक घाणा उरकून निघाले. माझ्या पोटात तोंड खुपसलं.

तिथे मी थांबले.

वन्सं हळूच म्हणाल्या, "साडी."

हे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मी ३ ऑक्टोबरचं पान उघडलं. दोन बादल्या पांढरं पाणी. मग दिवाळीचं. शिकेकाईने न्हाऊन, नवी साडी नेसले.

डॉक्टर म्हणाल्या, "मला पुस्तकात असं वाचल्याचं आठवत नाही. पण हे तुम्हीच लिहिलंय, आणि स्पष्ट लिहिलंय. तिला रबरापासून, त्या पुडीपासून लांब ठेवा. तोंडाला फुगा तर कधीच नाही."

मी सगळं लिहून ठेवलं होतं. तिचा एकही त्रास चुकवला नव्हता. ह्यांची आजी, रंगीत गोळ्या, जागरण, दृष्ट, माझा स्वभाव, वन्संचा स्वभाव, सगळ्यांवर आळ घेऊन झाला, आणि ते सारा वेळ माझ्या नखांत होतं. लाडकीने तर सरळ सांगितलं होतं.

मी वन्संना म्हटलं, "तुमच्यावर मी फार रागावले होते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी पण. पत्रात मुद्दाम दोन बादल्या लिहिलं होतं. एकच असेल."

२६ नोव्हेंबर, रविवार

पडवीत बायकांना गोळा करून सगळं सांगितलं. बायजीने हातातली फळी भिंतीला टेकवली. "मी तिला मुद्दाम थांबवून फुगवायला लावायची," म्हणाली. "दर वक्ताला."

मी म्हटलं, "मीही."

मग तीच म्हणाली, "आता आमचं काय?"

हाच प्रश्न घेऊन मी आठवडाभर फिरते आहे. बंद करायचं सोपं आहे. ह्यांना तेच हवंय, फक्त तोंडाने म्हणत नाहीत. वन्सं म्हणतात, सोनल राहू दे माझ्याकडे, तू चालव. तेही सोपं आहे. पहिल्यात सहा घरं जातात, दुसऱ्यात माझं एक. चारोटीच्या नाक्यावर मांडणी केली होती तेव्हा मला किती खात्री होती. आता खात्रीचीच भीती वाटते.

लाडकी म्हणाली, "बाय, सासऱ्यांना माळावर धाडतो आम्ही, कारण खळं हलवता येत नाय. आपल्याला फळ्या हलवता येतात. पोरीला कशाला हलवायची?"

आशागडच्या रस्त्याला एक भाताची गिरणी बंद पडून आहे. उद्या बघायला जाते.

१० डिसेंबर, रविवार

गिरणी मिळाली. छप्पर दोन ठिकाणी गळतं, पण विहीर आहे आणि न्हाणीघर आहे. मला न्हाणीघरच हवं होतं.

बायजीने डोकं चालवलं: पूड कोरडी उडवायचीच नाही, पाण्यात कालवायची आणि साचे त्यात बुडवून वाळवायचे. पहिले दोन घाणे चट्ट्यापट्ट्यांचे निघाले. तिसरा बरा. वर प्रत्येकीने नाकाला फडकं बांधायचं. लाडकी हसली, "दरोडेखोर दिसतो." पण बांधते. त्यांच्याही छातीत काय साठलं असेल हे मी तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

पहिला फुगा आता सायकलच्या पंपाने फुगवतो.

नवीनभाईंनी नाताळचा माल दुसरीकडून घेतला. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. म्हणाले, "दीकरी पहेलां, बेन. पोर आधी. होळीला लहान फुगे लागतील, तेव्हा सांगा." होळी अजून लांब आहे, आणि तोपर्यंत सहा जणींचं कसं करायचं ते मला माहीत नाही. छातीत धडधडतं. पण ही धडधड कशाची आहे ते तरी आता ठाऊक आहे.

२४ डिसेंबर, रविवार

घर धुतलं. सहाही जणी आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. भिंती, कौलांखालचे वासे, गाद्यांचे अभ्रे, सोनलच्या वह्यापुस्तकांची पानं ओल्या फडक्याने. देवांच्या तसबिरींमागे बोटभर थर होता. पाणी अंगणातून गटारापर्यंत पांढरं वाहत होतं. दोन बादल्या कुठल्या, मी सत्तरनंतर मोजायचं सोडलं.

७ जानेवारी १९९०, रविवार

डायरीची पानं संपली. हे मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहिते.

सोनल घरी आली. हे आणि वन्सं दोघंही सोडायला आले. वन्संनी दारातून आधी आत येऊन खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मग म्हणाल्या, "ये गं सोनल."

मी सकाळपासून गिरणीवर गेले नव्हते. तरी पुन्हा डोक्यावरून न्हाले. ओल्या केसांनी दारात उभी राहिले, जवळ जायचं धाडस होईना. तीच आली. पोटात तोंड खुपसलं, थांबली, वर बघितलं.

"आई, तुझा वास गेला."

"हो."

"साबणाचा येतो. आत्यासारखा."

वन्सं आत स्वयंपाकघरात भांडी वाजवत होत्या. ऐकलं असणार.

दुपारी ती पडवीत हिंडून आली. रिकामी पडवी, नुसत्या फळ्यांच्या खुणा. मग माझ्याजवळ येऊन बसली. "पहिला फुगा आता कोण फुगवतं?"

"सायकलचा पंप."

"मग माल परत आला का?"

मला "नाही" म्हणता आलं असतं.

"आला एकदा. डिसेंबरात, एका किरकोळ दुकानदाराकडून. डाग पडले होते."

"मग?"

"मग काय. धुतला, वाळवला, पुन्हा पाठवला."

"बायजी रडली?"

"बायजी म्हणाली, ह्या पंपाचं तोंडच अपशकुनी आहे."

ती हसली. मग बराच वेळ फळ्यांच्या खुणांवरून पायाचा अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे तेव्हा पण," ती म्हणाली, "वनमहोत्सवाच्या वेळी, तो माल माझ्यामुळे परत आला नव्हता."

"नाही, बाळा. हवा दमट होती."

"तू म्हणाली होतीस."

"मी चुकीचं म्हणाले होते."

तिने मान हलवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पाठीवर हात ठेवून मी ऐकत बसले. बाहेर हे आणि वन्सं कसल्या तरी भाजीवरून वाद घालत होते. बाकी कसलाच आवाज येत नव्हता.